बारा दिवसांचं तैलचित्र

आमच्याकडं माणूस किती मोठा होता, हे तो गेल्यावर वर्षभरानं ठरतं. वर्षश्राद्धाला भिंतीवर नुसता फोटो लागला, तर तो माणूस घरच्यांचा. तैलचित्राचं अनावरण झालं, तर तो समाजाचा. पत्रिकेवर ‘तैलचित्राचे अनावरण’ ही ओळ ठळक अक्षरांत छापता यावी, एवढ्यासाठी लोक माझे तीन जिने चढून येतात. चित्र कसं झालंय हे पुढं कुणी फारसं बघत नाही. पत्रिका मात्र जपून ठेवतात.

मी उस्मानपुऱ्यात राहते. गॅलरीला काचा लावून घेतल्यात, तिथंच माझं काम चालतं. गेली बरीच वर्षं मी या गॅलरीत बसून मोठी माणसं रंगवते आहे. संस्थापक, माजी सभापती, पतसंस्थेचे चेअरमन, एकदा तर नुसतेच ‘मार्गदर्शक’. कशाचे, ते त्यांच्या मुलांनाही नीट सांगता आलं नाही. जिवंत माणूस माझ्या वाट्याला क्वचितच येतो आणि ते बरंच आहे. ‘नाक जरा बारीक करा’ असं गेलेला माणूस म्हणत नाही. त्या कामासाठी तो मुलं मागं ठेवून जातो.

तर यातलं गेल्या सात वर्षांतलं एकही चित्र तैलचित्र नाही. सगळी ॲक्रिलिक. पाण्यात कालवायचा रंग, अर्ध्या तासात सुकणारा, प्लास्टिकच म्हणा. त्याच्यावर मी तेलाचं सोंग चढवते. ते मी इतकं चांगलं चढवते की त्याची मला लाज वाटायला हवी होती. बरीच वर्षं वाटत नव्हती, उलट गंमतच वाटायची.

मी जिथं शिकले, तिथं असलं काही चाललं नसतं. चित्रकलेची डिग्री घेऊन मी कॉलेजातून बाहेर पडले तेव्हा मला प्लास्टरच्या पुतळ्याचं डोकं झकास काढता येत होतं आणि माणसाचा गाल काढता येत नव्हता. गाल मला चाचांनी शिकवला. छावणीच्या बाजारात त्यांचं पोर्ट्रेटचं दुकान होतं. सगळा बाजार त्यांना चाचा म्हणायचा, म्हणून मीही म्हणायला लागले. चार वर्षं मी रोज तिथं जात होते आणि पहिलं वर्षभर त्यांनी मला फक्त सावल्या करायला दिल्या. उजेडाचं काम ते स्वतः करत.

चित्र झालं की चाचा ते भिंतीकडं तोंड करून ठेवायचे. गिऱ्हाईक आलं की म्हणायचे, “अभी नक्को. सुकतंय. दिवाळीनंतर या.” तेलरंगाचं हेच आहे. पातळ भाग आठवड्यात सुकतो, पण जाड थर वरून साय धरतो आणि आत महिनोन् महिने ओलाच राहतो. गिऱ्हाईक चिडायचं, चाचा चहा मागवायचे. कुणी फारच आवाज चढवला तर ते शांतपणे विचारायचे, “साहेब, ज्यांचं चित्र हाय त्यांना काय घाई हाय का?” 

पुढं त्यांचा हात थरथरायला लागला. ओठाची कड नीट येईना, तेव्हा त्यांनी दुकान बंद केलं. माझ्याशी चर्चा वगैरे काही केली नाही. शेवटच्या दिवशी ब्रश धुता धुता म्हणाले, “गिऱ्हाईक आता तुझ्याकडं पाठवतो. एकच सांगतो बेटा, तेल सोडू नक्को.”

“नाही सोडणार, चाचा,” मी म्हटलं. इतक्या सहज म्हटलं की त्याला शब्द देणं म्हणतात हे तेव्हा ध्यानातही आलं नाही.

काही वर्षं पाळलं. मग लोकांची घाई वाढली. कार्यक्रम पंधरा दिवसांवर आला की त्यांना वडिलांची आठवण व्हायची. मी चार महिने मागितले की ते समोरच्या रस्त्यावरच्या फ्लेक्सवाल्याकडं जायचे. तो फोटो कॅनव्हासवर छापायचा, कॉम्प्युटरमध्ये ब्रशचे फटकारे मारून द्यायचा आणि वर सांगायचा, हीच आता पेंटिंग. अशी तीन गिऱ्हाइकं गेल्यावर मी ॲक्रिलिकचा डबा आणला. पोटाचा प्रश्न होता असं म्हणायची सोय आहे. खरं सांगायचं तर घाई मलाही आवडायला लागली. सोमवारी सुरू केलेला माणूस पुढच्या सोमवारी घरी पाठवता येतो, याचं एक सुख असतं.

आता सोंगाबद्दल. ॲक्रिलिक सुकलं की सपाट आणि मेणचट दिसतं, गालावर पावडर थापल्यासारखं. कडा करकरीत राहतात, कारण रंग मिसळायच्या आतच तो सुकून बसतो. त्यासाठी रंगात सुकणं लांबवणारा एक द्रव घालायचा, म्हणजे कान आणि केस यांच्यामधली कड मऊ करायला दहा मिनिटं मिळतात. मग जाडी. गिऱ्हाईक चित्र बघत नाही, ते चित्राकडं कडेनं, एक डोळा मिटून बघतं. रंग वर आलेला दिसला की त्याचा जीव भांड्यात पडतो. म्हणून चित्र पुरं झाल्यावर मी त्याच्यावर पारदर्शक जेल लावायची. डुकराच्या केसांचा राठ ब्रश घ्यायचा आणि कपाळाच्या गोलाईनं, नाकाच्या उतारानं, शालीच्या घडीनं फटकारे ओढायचे. खाली चित्र सपाटच, पण वर ब्रशची अशी नांगरट की बघणाऱ्याला वाटावं, बाई महिनाभर झटली. हे एका परदेशी दाढीवाल्याच्या व्हिडिओवरून शिकले. तो हसत हसत सांगत होता, मीही हसत हसत शिकले.

त्यानंतर तपकिरी आणि पिवळ्या मातकट रंगाचं पाण्यासारखं पातळ मिश्रण सगळ्या चित्रावरून फिरवायचं आणि फडक्यानं पुसायचं. फटकाऱ्यांच्या खाचांत ते अडकून राहतं आणि कालचं चित्र चाळीस वर्षांचं दिसतं. मग चकचकीत वॉर्निश. लोकांना चकाकी हवीच असते. एका चेअरमनसाहेबांच्या चित्रात त्यांच्या घरची ट्यूबलाइट स्पष्ट दिसायची, तर चेअरमनबाई म्हणाल्या, “बघा, किती तेज आहे चेहऱ्यावर.”

आणि शेवटी वास. चित्र घ्यायला आलेला माणूस हटकून नाक पुढं करतो. आंब्याची पेटी घेताना करतो तसंच. त्यासाठी फ्रेमच्या मागच्या लाकडाला घाण्यावरचं जवसाचं तेल चोळून ठेवायचं. समोर प्लास्टिक, पाठीमागं जवस. एवढ्यावर माझं नाव अख्ख्या जिल्ह्यात झालं.

वैजापूरच्या बाजूला एक शिक्षण संस्था आहे. तिचे संस्थापक वारले, त्याला वर्ष होत आलं होतं. त्यांचा मोठा मुलगा माझ्याकडं आला. शेती मोठी, शहरात दोन धंदे, हातात दोन फोन. त्याच्या बोलण्यात घाई आणि अभिमान एकदमच असायचे.

“मॅडम, लई मोठा कार्यक्रम हाये. मंत्री येनार. आबांचं तैलचित्र पायजे, आन् बारा दिवसांत पायजे.”

“होईल,” मी म्हटलं.

“खरं तेल ना? फ्लेक्सवाला नको आपल्याला. आबांच्या इज्जतीचा सवाल हाये.”

“खरं तेल,” मी म्हटलं.

त्यानं आबांचा फोटो दिला, तो एका लग्नातला होता. आबा जेवायला बसलेले, खांद्यावर कुणाचा तरी हात, गालात घास. त्या फोटोवरून मला कोट घातलेले, खांद्यावर शाल घेतलेले, हातात पुस्तक धरलेले, दूरवर भविष्याकडं बघणारे आबा काढायचे होते. आबांनी आयुष्यात कधी कोट घातला नव्हता. पण त्यांच्या वडिलांचं एक जुनं तैलचित्र संस्थेच्या सभागृहात होतं आणि त्यात कोट होता. वडिलांना कोट आणि मुलाला नाही, हे बरं दिसलं नसतं. पुस्तक कोणतं काढू, असं मी विचारलं. मुलानं थोडा विचार केला आणि म्हणाला, “जाडजूड काढा.”

आठव्या दिवशी चित्र झालं. घास गिळवला, कोट चढवला, भविष्याकडं बघायला लावलं. नेहमीप्रमाणे जेल, पिवळट हात, वॉर्निश. मी खुशीत होते. त्याच दुपारी मुलानं व्हॉट्सॲपवर नवी पत्रिका पाठवली. मंत्र्यांना अचानक दुसरीकडं जावं लागत होतं. त्यांच्या जागी अनावरण करणार होते ‘ज्येष्ठ तैलचित्रकार’ आणि खाली चाचांचा फोटो होता.

सभागृहातलं ते जुनं चित्र, कोटातले आजोबा, चाचांनीच केलेलं होतं. मुलाला कुणीतरी ते सांगितलं आणि त्यानं थेट छावणी गाठली. माझं चित्र त्याच भिंतीवर, चाचांच्या चित्राच्या शेजारी लागणार होतं. मला वाईट वाटलं नाही, घाम फुटला. चाचांना कळलं तर काय, एवढा एकच विचार डोक्यात. गिऱ्हाईक गेलं असतं तर दुसरं आलं असतं, पण मला ‘बेटा’ म्हणून गाल शिकवणारा माणूस जगात एकच होता. आणि त्यांनी माझ्याकडं मागितलं ते एवढंच होतं, तेल सोडू नक्को.

डोळे अधू असतील अशी एक आशा होती. मी फोन केला, तर म्हणाले, “मोतीबिंदू काढला ना बेटा, दोनी डोळ्यांचा. आता भिंतीवरची मुंगी दिसती. येतो, तुझं चित्र बघतो बराबर.” केवढे खूश होते. तेव्हाच सांगून टाकता आलं असतं. मी म्हटलं, “या चाचा, वाट बघते.”

चार दिवस होते आणि त्यात खरं तेल शक्य नव्हतं. मग मी ठरवलं की सोंगच असं चढवायचं की चाचांनाही कळणार नाही. हे ठरवताना मला अपराधी वाटण्याऐवजी चेव आला, हेही सांगून टाकते.

गिऱ्हाइकाला फसवणं आणि चाचांना फसवणं यांत फरक होता. गिऱ्हाइकाला चकाकी पुरते. चाचांना माहीत होतं की तेल सगळीकडं सारखं चमकत नाही. गडद जागी रंग आत बसतो आणि मंद पडतो, उजेडाच्या जाड जागा चमकत राहतात. माझं वॉर्निश मात्र सगळीकडून एकसारखं झगझगत होतं. मी दोन वॉर्निशं मिसळून कोटाच्या काळ्या भागावर मंद हात दिला आणि कपाळावर, नाकावर, शालीच्या काठावर चमक राखली. सावलीतल्या कडा पुन्हा विरघळवल्या. कपाळाच्या पिवळट रंगात हिरवट छटा दिली, कारण चाचा नेहमी द्यायचे. शालीचा काठ जाड पांढऱ्या जेलनं असा उठवला की त्यावर बोट ठेवायचा मोह व्हावा. शेवटी ब्रशचा एक केस तोडून कोटाच्या बाहीत रंगात चिकटवला, कारण चाचांच्या प्रत्येक चित्रात एक तरी केस अडकलेला असतो. या केसाचा तर मला इतका अभिमान वाटला की मी त्याचा फोटो काढून ठेवला.

मग मागं जवसाचं तेल. या वेळी लाकडाला तर चोळलंच, पण कॅनव्हासच्या दुमडलेल्या कडांनाही कापसानं लावलं. नवरा ऑफिसातून आला आणि दारातच म्हणाला, “आज जवसाची चटणी का?” मी हो म्हटलं आणि मग ती करावी लागली.

चौथ्या दिवशी लांब उभं राहून चित्र पाहिलं. मी स्वतः फसले असते.

सभागृहात पंखे, खुर्च्या, सत्काराचे नारळ असं सगळं जय्यत होतं. चाचा पांढरा कुडता आणि काळं जाकीट घालून व्यासपीठावर बसले होते. मला बघून त्यांनी हात वर केला. आबांच्या चित्रावर लाल मखमली पडदा होता. शेजारी कोटातले आजोबा होते, चाचांनी केलेले, मंद, खोल, कुणाकडंही न बघणारे.  त्या चित्राला चांगलं दिसायची काही पडलेलीच नव्हती.

भाषणं झाली. मग मोठा मुलगा बोलायला उठला. आबांनी काय काय सोसलं ते सांगून झाल्यावर त्यानं माझ्याकडं हात केला.

“आन् या आमच्या मॅडम. लोकं म्हनायची, तैलचित्राला चार-सा महिने लागत्यात. मॅडमनी निस्त्या बारा दिवसांत करून दिलं.”

टाळ्या पडल्या. चाचांनी मान वळवून माझ्याकडं पाहिलं. रागानं नव्हे, दुकानदारानं हिशेब पुन्हा विचारावा तसं. टाळ्या चालू होत्या, तेव्हा मी नमस्कार करत होते. पडद्याआड कोटाच्या काळ्या भागावर मंद वॉर्निश सारखं बसलंय की नाही, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

चाचांनी उठून दोरी ओढली, पडदा खाली आला, लोकांनी उभं राहून फोटो काढले. मग चाचा चित्राजवळ गेले. बराच वेळ बघत राहिले. दोन पावलं मागं आले, पुन्हा पुढं गेले. कपाळ बघितलं, कड बघितली. बाहीतला केस दिसला तेव्हा किंचित हसले. नाक जवळ नेलं. मी मनात म्हटलं, पास झाले.

एवढ्यात मोठा मुलगा गंधाची वाटी घेऊन पुढं आला. आमच्याकडं चित्राचं अनावरण झालं की माणसाला लावावं तसं चित्राच्या कपाळाला गंध लावतात, फुलं चिकटवतात, पाया पडताना डोकं टेकतात. त्यानं बोट गंधात बुडवलं. त्याच्या आधी चाचांनी हात पुढं केला आणि शालीच्या जाड पांढऱ्या काठावर, जिथं मी सगळ्यात जास्त मेहनत घेतली होती, तिथं आपलं बोट टेकवलं. दाबलं. उचलून डोळ्यांसमोर धरलं.

बोट कोरडं होतं.

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. बारा दिवसांच्या तैलचित्राचा तो काठ ओला असायला हवा होता. बोटाला पांढरा रंग लागायला हवा होता, काठ चेपायला हवा होता. मी चमक केली, जाडी केली, वास केला, केससुद्धा केला. ओलावा करायचं माझ्या मनातही आलं नव्हतं. सात वर्षांत मी ओल्या तैलचित्राला हातच लावला नव्हता. तेल ओलं असतं हे मीच विसरले होते.

चाचा त्या बोटाकडं बघत उभे होते. सभागृह बघत होतं. मुलगा गंधाचं बोट वर धरून थांबला होता. मग चाचांनी जाकिटाच्या खिशातून रुमाल काढला आणि ते स्वच्छ, कोरडं बोट पुसलं. नीट, नखाच्या कडेपर्यंत, जसे ते दुकानात पुसायचे. रुमालाची घडी करून परत खिशात ठेवला.

“हात नका लावू कुनी,” ते मुलाला म्हणाले. “रंग ओला हाय अजून. तेल हाय ते. सहा महिने तरी सुकनार नाय, सुकल्यावर ही वॉर्निश करून देईल. गंध नक्को, हार बी वरून खिळ्याला लावा.”

मुलानं घाईघाईनं हात मागं घेतला आणि गंध स्वतःच्याच कपाळाला लावलं. सभागृहात कौतुकाची कुजबुज झाली. मी खुर्चीत बसून राहिले. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. ज्या माणसानं तिऱ्हाइतालाही कधी ‘सुकलं’ असं खोटं सांगितलं नव्हतं, त्यानं शे-दोनशे लोकांसमोर ‘ओलं’ असं खोटं सांगितलं, आणि तेही माझ्यासाठी.

संस्थेच्या जीपमधून आम्ही दोघं परत आलो. मी त्यांच्या शेजारी बसून बोलणी खायची वाट बघत होते. चाचा ड्रायव्हरशी बोलत होते. वैजापूरला कांदा किती आलाय, रस्ता कधी होणार, त्याच्या गावात पाणी कसं आहे. छावणीत उतरताना त्यांनी माझ्या डोक्यावर नेहमीसारखा हात ठेवला आणि गेले.  त्यांनी ओरडायला हवं होतं असं मला वाटत राहिलं, म्हणजे मला रडून मोकळं होता आलं असतं.

पुढचे सहा महिने त्या संस्थेनं जे केलं त्याला तोड नाही. चित्रासमोर दोन खांब आणि दोरी आली. पाटी आली, ‘तैलचित्र ओले आहे, हात लावू नये’. एका शिपायाला खुर्ची देऊन तिथं बसवलं. सुकून खडखडीत झालेल्या, वर दोन हात वॉर्निश चढलेल्या चित्राची तो पहारेदारी करत होता. मुलाचा महिन्यातून एकदा फोन यायचा.

“मॅडम, अजून वास येतोय हो. लई भारी तेल वापरलंय तुमी.”

पाहुणे आले की तो त्यांना दोरीच्या अलीकडं उभं करून सांगायचा, खरं तैलचित्र हाये, अजून सुकलं नाय. याचा परिणाम असा झाला की शेजारच्या तालुक्यातून एक माजी सभापतींचा मुलगा आला आणि म्हणाला, “आमाला बी तसंच पायजे. ओलं.” मी नाही म्हटलं. का, ते त्याला सांगता येण्यासारखं नव्हतं. तो खाली उतरून फ्लेक्सवाल्याकडं गेला, आणि तो काही नाही म्हणणारा माणूस नव्हे.

या सहा महिन्यांत मी छावणीकडं फिरकले नाही. एरवी महिन्यातून एकदा तरी जायची. नव्या चित्राचा फोटो दाखवायची, चाचा मोबाइल लांब धरून सावल्यांना नावं ठेवायचे. आता गॅलरीत बसून मी स्वतःशीच भाषणं तयार करायची. त्यात फ्लेक्सवाला यायचा, लोकांची घाई यायची, बदलता जमाना यायचा. भाषण छान व्हायचं. शेवटी ते कोरडं बोट पुसणारा रुमाल डोळ्यांसमोर यायचा आणि सगळं मुसळ केरात जायचं.

मधे ईद झाली. मी गेले नाही, तर दुपारी त्यांच्या घरून शीरखुर्म्याचा स्टीलचा डबा आला. दरवर्षी मी तिथं बसून खाते, या वर्षी तो जिने चढून माझ्याकडं आला. बदाम नेहमीसारखेच भरपूर होते. मी स्वयंपाकघरात उभ्यानं खाल्ला आणि मला चव कळली नाही.

डबा घासून ठेवला. रिकामा डबा परत पाठवायचा नसतो, आणि त्यात काय घालून न्यावं हे ठरेना, म्हणून तो ओट्यावर तसाच राहिला. एक दिवस वैजापूरहून फोन आला.

“मॅडम, सा महिने झाले. चाचा म्हनले होते, सुकल्यावर वॉर्निश करून देतीन. कवा येता? चाचांना बी घेऊन या. परत एक छोटा कार्यक्रम ठेवू.”

सुकल्यावर करायचं वॉर्निश मी चित्र द्यायच्या आधीच करून बसले होते. आता ते लोकांसमोर पुन्हा करायचं, टाळ्या घ्यायच्या आणि चाचांना पुन्हा शेजारी उभं करायचं. मी फोन ठेवला. डब्यात बेसनाचे लाडू भरले आणि रिक्षा करून छावणीत गेले.

चाचा ओट्यावर बसून बशीतून चहा पीत होते. मी डबा ठेवला. त्यांनी झाकण उघडून बघितलं, एक लाडू काढून अर्धा केला, अर्धा माझ्यासमोर धरला. मी घेतला नाही. तयार केलेल्या भाषणांतलं एकही आठवेना, आणि बरंच झालं.

“चाचा,” मी म्हटलं, “वैजापूरचं चित्र तेलात नव्हतं. आधीची पण नव्हती. सात वर्षं झाली.”

त्यांनी लाडू बशीच्या कडेला ठेवला. चहा संपवला. मग माझ्याकडं बघून अगदी हळू म्हणाले, “सहा महिने लागले तुला सांगायला. एवढ्यात तेल सुकलं असतं बेटा.”